पेटीतील माणूस

ज्या खेळास संस्कृत भाषेने 'चतुरंग' म्हटले, त्यालाच मराठीने 'बुद्धिबळ' हे नाव दिले. पहिल्या नावात सैन्याची चार अंगे दिसतात : हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. दुसऱ्या नावात सैन्य मागे सरले आहे आणि ज्या शक्तीच्या जोरावर डाव जिंकावयाचा, तिचाच तेवढा निर्देश उरला आहे. हे नामकरण सार्थच म्हटले पाहिजे. ह्या पटावर फासे नाहीत, झाकलेली पाने नाहीत, नशिबाला थारा नाही. दोन्ही पक्षांपुढे सर्व काही उघडे असते. म्हणून जो जिंकला तो बुद्धीने जिंकला, अशी समजूत हा खेळ जेथे जेथे गेला तेथे तेथे दृढ झाली.

मनुष्याने घडविलेले यंत्र मनुष्याच्याच बुद्धीला मागे टाकील काय, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जात आहे. यंत्रे निबंध लिहू लागली, चित्रे काढू लागली, गणिते सोडवू लागली. तेव्हा हा प्रश्न उठावा हे स्वाभाविक आहे. परंतु बुद्धिबळाच्या पटापुरता हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता, आणि त्या चौसष्ट घरांत त्याचे निर्णायक उत्तरही आपल्या पिढीने पाहिले आहे. ह्या उत्तराचा इतिहास बारकाईने पाहिला, तर पुढील मोठ्या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याविषयी पुष्कळ बोध होण्यासारखा आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ एका लबाडीने होतो. १७६९ साली ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या सेवेतील वोल्फगांग फॉन केंपेलेन नावाच्या अधिकाऱ्याने एक विलक्षण यंत्र तयार केले आणि पुढल्या वर्षी व्हिएन्नाच्या दरबारात ते दाखविले. एक लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि पेटीमागे बसलेला तुर्की पोशाखातील पुतळा, असे त्याचे स्वरूप होते. खेळापूर्वी केंपेलेन पेटीची दारे उघडून आतील चाके आणि दाते प्रेक्षकांना दाखवी, मागून मेणबत्ती धरून पेटीतून पलीकडले दिसते हेही पटवून देई. मग दारे बंद होत, किल्ली फिरविली जाई, आणि पुतळा आपला हात उचलून मोहरे हलवू लागे. तो बहुधा जिंकतही असे.

हा 'तुर्क' पुढे युरोपभर फिरला. १७८३ साली पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँक्लिन त्याच्याशी खेळले. केंपेलेनच्या मृत्यूनंतर योहान मेल्झेल ह्याने तो विकत घेतला. १८०९ साली व्हिएन्नानजीकच्या शोनब्रुन राजवाड्यात खुद्द नेपोलियन त्याच्यापुढे बसला. मेल्झेलने पुढे हे यंत्र अमेरिकेत नेले, आणि तेथे १८३६ साली एडगर ॲलन पो ह्या साहित्यिकाने एक निबंध लिहून पेटीत माणूस दडलेला असला पाहिजे असे प्रतिपादन केले. त्याचा निष्कर्ष बरोबर होता. पेटीत सरकत्या आसनावर एक निष्णात खेळाडू बसलेला असे. एक दार उघडले की तो दुसरीकडे सरके, दुसरे उघडले की पहिलीकडे. मोहऱ्यांच्या तळाशी लोहचुंबक बसविलेले असल्यामुळे कोणते मोहरे कोठे गेले हे त्याला आतून कळे, आणि आपली खेळी तो तरफांच्या योगाने पुतळ्याच्या हाताकडून करवी. ५ जुलै १८५४ रोजी फिलाडेल्फियातील एका आगीत हा तुर्क जळून गेला.

पोचा निष्कर्ष बरोबर होता खरा; पण त्याचा एक युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. हे खरोखरीचे यंत्र असते तर ते प्रत्येक डाव जिंकले असते, असे त्याचे म्हणणे होते. यंत्र म्हणजे अचूकपणा. ज्या अर्थी हा तुर्क कधीकधी हरतो, त्या अर्थी तो यंत्र नव्हे, अशी ती विचारसरणी. यंत्र खेळू शिकेल, चुकेल, हळूहळू सुधारेल, ही कल्पना त्या काळच्या एवढ्या तल्लख बुद्धीलाही शिवली नव्हती.

त्याच तुर्काकडून हरलेला एक इंग्रज मात्र निराळ्या दिशेने विचार करीत होता. चार्ल्स बॅबेज हे त्याचे नाव. तुर्क लंडनला आला असता बॅबेज त्याच्याशी खेळला होता. पुढे त्याने गणकयंत्रांचे जे आराखडे केले, त्यांपैकी 'ॲनालिटिकल इंजिन' हा आजच्या संगणकाचा पूर्वज होय. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. पण यंत्राला कौशल्याचे खेळ शिकविता येतील, असे त्याने आपल्या १८६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ह्याच यंत्रावर १८४३ साली विस्तृत टिपणे लिहिणाऱ्या एडा लव्हलेस ह्या विदुषीने एक इशारा दिला होता : हे यंत्र स्वतःहून काहीही निर्माण करू शकणार नाही; जे करावयास आपण त्याला सांगू शकतो तेवढेच ते करील. यंत्राच्या मर्यादेविषयीचा हा पहिला सुस्पष्ट सिद्धान्त. तो आजही वारंवार उच्चारला जातो. पुढील इतिहास म्हणजे एका अर्थी ह्या सिद्धान्ताची कसोटीच होय.

पेटीत माणूस न दडविता खेळणारे पहिले यंत्र स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो ह्याने १९१२ साली बनविले. पांढरा राजा व हत्ती विरुद्ध काळा राजा, एवढाच डावाचा शेवट त्याला खेळता येई. पण तो ते स्वतः खेळे आणि मात करी. संपूर्ण डावाचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामी ज्याने असामान्य कर्तृत्व गाजविले, त्या ॲलन ट्युरिंगने आपल्या मित्रासह बुद्धिबळाची एक कार्यपद्धती कागदावर लिहून काढली. ती चालविण्याजोगा संगणक हाताशी नव्हता. म्हणून १९५२ साली ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागदावरील नियम तंतोतंत पाळून तो एका सहकाऱ्याशी खेळला. एकेका खेळीला सुमारे अर्धा तास लागे. एकोणतिसाव्या खेळीअखेर हे 'कागदी यंत्र' हरले. तुर्काच्या पेटीतील माणूस स्वतःच्या बुद्धीने खेळून यंत्र असल्याची बतावणी करी. ट्युरिंगने स्वतःची बुद्धी बाजूस ठेवून यंत्राचे काम केले.

ह्याच सुमारास, १९५० साली, अमेरिकेत क्लॉड शॅनन ह्याने दाखवून दिले की, बुद्धिबळाच्या संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये एवढी प्रचंड भरेल. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर ८० शून्ये एवढी अंदाजिली जाते. तेव्हा सर्व शक्यता मोजून खेळणे कोणत्याही यंत्रास असाध्य. मग यंत्रापुढे दोन मार्ग उरतात. ठरावीक खोलीपर्यंत सर्व खेळ्या तपासणे हा एक. अनुभवी खेळाडूप्रमाणे निवडक खेळ्यांचाच विचार करणे हा दुसरा. पहिला मार्ग अडाणी बळाचा, दुसरा समजुतीचा. यश दुसऱ्यानेच येईल असे विद्वानांस साहजिकच वाटले. १९४८ ते १९६३ ह्या काळात अल्प खंड वगळता जगज्जेता राहिलेला मिखाईल बोतविन्निक हा व्यवसायाने विद्युत् अभियंता होता. थोर खेळाडूच्या मनाची रीत यंत्रात उतरविण्यासाठी त्याने अनेक वर्षे खर्च केली; परंतु त्यातून बलवान खेळाडू निपजला नाही.

भविष्यवाद्यांचीही फजिती झाली. दहा वर्षांत संगणक जगज्जेता होईल, असे हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूवेल ह्या दोघा अग्रणी संशोधकांनी १९५७ साली जाहीर केले. दहा वर्षे गेली. काही घडले नाही. १९६८ साली डेव्हिड लेव्ही ह्या स्कॉटिश खेळाडूने, पुढील दहा वर्षांत कोणतेही यंत्र आपणास हरविणार नाही अशी पैज लावली आणि १९७८ साली ती जिंकली. यंत्राची थट्टा करणाऱ्यांना हुरूप आला. पण इतिहास तेथे थांबला नाही. १९८९ साली 'डीप थॉट' ह्या यंत्राने त्याच लेव्हीला चारही डावांत हरविले. उतावळे भाकीत चुकले म्हणून ती गोष्ट घडणारच नाही असे ठरत नाही, हा ह्या प्रकरणाचा पहिला धडा होय.

पुढील कथा पुष्कळांच्या स्मरणात असेल. डीप थॉट बनविणाऱ्या मंडळींनी आय. बी. एम. कंपनीत 'डीप ब्लू' हे यंत्र तयार केले. १० फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला एका डावात हरविले. ही घटना फिलाडेल्फियात घडली. ज्या नगरीत लबाड तुर्क जळाला, त्याच नगरीत खऱ्या यंत्राने नेहमीच्या स्पर्धात्मक वेळमर्यादेच्या डावात जगज्जेत्यावर पहिला विजय मिळविला. तो सामना कास्पारोव्हने ४–२ असा जिंकला खरा. परंतु पुढल्या वर्षी न्यूयॉर्क येथील सामन्यात ११ मे १९९७ रोजी अवघ्या एकोणीस खेळ्यांत शेवटचा डाव गमावून तो साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला. डीप ब्लू एका सेकंदात सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे. विजय अडाणी बळाच्या मार्गाने आला होता.

ह्या सामन्यातील दोन गोष्टी इतिहासकाराने टिपून ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, यंत्राला हात नव्हता. पटापाशी त्याच्या वतीने एक अभियंता बसे आणि पडद्यावर उमटलेली खेळी पाहून मोहरे हलवी. तुर्काच्या वेळी हात लाकडाचा आणि बुद्धी मनुष्याची होती. आता बुद्धी यंत्राची आणि हात मनुष्याचा झाला. दुसरी गोष्ट अशी की, दुसऱ्या डावातील यंत्राची खेळी पाहून, ह्यामागे कोणा मनुष्याचा हात असावा असा संशय कास्पारोव्हने व्यक्त केला. म्हणजे पोने १८३६ साली जे म्हटले तेच पुनः म्हटले गेले. पोचे अनुमान खरे होते, कास्पारोव्हचा संशय सिद्ध झाला नाही. आणि २०१७ साली लिहिलेल्या ग्रंथात त्याने स्वतःच आपली भूमिका पुष्कळ सौम्य केली.

पराभवानंतर अनेक विचारवंतांनी मनाचे समाधान करून घेतले ते असे : यंत्राने केवळ मोजदाद केली, विचार केला नाही; बुद्धिबळ हे बुद्धीचे खरे लक्षणच नव्हे. तोपर्यंत शतकानुशतके ते लक्षण मानले जात होते, ह्याचा तेव्हा सोयीस्कर विसर पडला. यंत्राला जे साधले ते बुद्धीच्या व्याख्येतून वगळावयाचे, ही रीत तेव्हापासून रूढ झाली आहे. अशा व्याख्येनुसार मनुष्य कधीच हरणार नाही, पण ती व्याख्या दरवर्षी आकसत जाईल.

ह्या समाधानालाही लवकरच तडा गेला. 'गो' हा चीन, जपान, कोरिया ह्या देशांतील प्राचीन खेळ नुसत्या मोजदादीस दाद देणारा नव्हता. मार्च २०१६ मध्ये सेऊल येथे 'अल्फागो' ह्या यंत्राने कोरियाच्या ली सेडोल ह्या श्रेष्ठ खेळाडूला ४–१ असे हरविले. दुसऱ्या डावातील त्याची सदतिसावी खेळी पाहून जाणकार प्रथम ती चूकच समजले. ती विजयाकडे नेणारी ठरली. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच संस्थेच्या 'अल्फाझीरो' ह्या यंत्राची वार्ता आली. त्याला बुद्धिबळाचे केवळ नियम सांगितले होते. एकही डाव, एकही ग्रंथ दाखविला नव्हता. स्वतःशीच खेळत खेळत काही तासांत ते इतके तयार झाले की, त्या काळच्या अत्यंत प्रबळ अशा 'स्टॉकफिश' ह्या यंत्राशी झालेल्या शंभर डावांपैकी त्याने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले, आणि एकही हरले नाही. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या मानाने ते फारच थोड्या खेळ्या तपासत असे. शॅननचा दुसरा मार्ग, समजुतीचा मार्ग, अखेर यशस्वी झाला होता; पण ती समजूत मनुष्याने शिकविलेली नव्हती. एडा लव्हलेसचा सिद्धान्त येथे पुरता डळमळला असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. साध्य आणि नियम मनुष्याने सांगितले हे खरे. ते साधण्याची रीत मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हती.

मनुष्य आणि यंत्र मिळून एकट्या यंत्राहून श्रेष्ठ ठरतील, अशी एक आशा मध्यंतरी बाळगली गेली. १९९८ साली खुद्द कास्पारोव्हने तशा जोडीच्या सामन्याचा प्रयोग केला आणि काही वर्षे ही आशा खरीही वाटली. परंतु यंत्रे इतकी बलवान झाली की, मनुष्याच्या हस्तक्षेपाने त्यांची खेळी सुधारण्यापेक्षा बिघडण्याचाच संभव वाढला. ही कटू गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा बुद्धिबळापुरते उत्तर निःसंदिग्ध आहे. आता पटाबाहेर येऊ. ट्युरिंगबरोबर युद्धकाळात काम केलेल्या आय. जे. गुड ह्या गणितज्ञाने १९६५ साली एक विचार मांडला. यंत्ररचना हेही बुद्धीचेच काम आहे. तेव्हा मनुष्याहून बुद्धिमान यंत्र एकदा निर्माण झाले की, ते आपल्याहून सरस यंत्र रचील, ते त्याहून सरस रचील, आणि मनुष्य फार मागे पडेल. म्हणून असे पहिले यंत्र हा मनुष्याला करावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. अट एवढीच की, आपणास ताब्यात कसे ठेवावे हे सांगण्याइतके ते सालस असावे. साठ वर्षांपूर्वीची ही कल्पना आज केवळ करमणुकीचा विषय राहिलेली नाही. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील सहापैकी पाच प्रश्न सोडवून यंत्राने सुवर्णपदकाच्या पातळीचे गुण मिळविले. ह्या शास्त्राचे एक आद्य प्रवर्तक जेफ्री हिंटन ह्यांनी २०२३ साली गूगल कंपनी सोडली, ती त्यातील धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. उलट, २०१८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे त्यांचे सहमानकरी यान लकून ह्यांना ही भीती अतिरंजित वाटते. जाणकारांतच असा मतभेद असता सामान्य वाचकाने कोणते मत धरावे?

पटावरील इतिहास येथे काही मर्यादेपर्यंतच साहाय्य करील. 'यंत्र आपल्यासारखा विचार करीत नाही' हे समाधान पोकळ आहे, असे तो सांगतो. कारण आपल्यासारखा विचार न करताच ते जिंकले. परंतु पट आणि जीवन ह्यांतील एक भेदही तो दाखवितो. बुद्धिबळात विजय म्हणजे काय हे आधीच ठरलेले असते. राजाला मात झाली की नाही, ह्याविषयी दोन पक्षांत वाद होत नाही. यंत्राला ते साध्य सांगता आले, म्हणून ते त्यात आपल्या पुढे गेले. पण न्यायदान, शिक्षण, औषधोपचार, राज्यकारभार ह्यांत 'मात' कोणती? शाळेचे साध्य गुण की ज्ञान? रुग्णालयाचे साध्य खर्चाची बचत की रुग्णाचे समाधान? येथे साध्य ठरविणे हेच बुद्धीचे मुख्य कार्य आहे, आणि ते आपण आजवर भांडत, चुकत, एकमेकांस पटवीत करीत आलो आहोत. कोणीतरी ते परस्पर ठरवून यंत्राला सांगितले, तर यंत्र ते अद्भुत कौशल्याने साधील. आणि चुकीचे साध्य जितक्या कौशल्याने साधावे तितका अनर्थ मोठा. यंत्राच्या बुद्धीची भीती बाळगणाऱ्यांनी ह्या ठरविणाऱ्या हातांकडेही लक्ष दिले पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. आज बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूंची झडती घेतली जाते. कोणी अंगावर यंत्र लपवून त्याच्या सल्ल्याने खेळत नाही ना, हे पाहण्यासाठी. अडीचशे वर्षांत लबाडीची दिशा संपूर्ण उलटली आहे. तेव्हा यंत्रात मनुष्य दडविला जाई, आता मनुष्यामागे यंत्र दडविले जाते. निबंधामागे, निकालपत्रामागे, निदानामागे हेच घडू लागले तर त्याचा झाडा कोण घेणार? आणि झडती घेण्याइतकी समज तरी कोणापाशी उरणार?

ह्या शेवटच्या प्रश्नाला आपल्याच देशातील एक उदाहरण आशादायक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे अठरा वर्षांचा डी. गुकेश जगज्जेता झाला. आज प्रत्येक खेळाडू यंत्राच्या साहाय्याने अभ्यास करतो. परंतु गुकेशच्या प्रशिक्षकांनी त्याला सुरुवातीच्या वर्षांत यंत्रापासून बुद्ध्याच दूर ठेवले होते. आधी स्वतः पाहावे, स्वतः चुकावे, मगच यंत्राला विचारावे, असा तो क्रम होता. यंत्र मनुष्याला हरवू लागले म्हणून मनुष्याने पट गुंडाळला नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिच्याहून बलवान यंत्र प्रत्येकाच्या खिशात होते. तरीही लोकांनी पाहिला तो तिचा खेळ.

यंत्र मनुष्याच्या पुढे जाईल काय, ह्या प्रश्नाचे उत्तर एका क्षेत्रात मिळाले आहे आणि इतर काही क्षेत्रांत ते मिळत आहे. त्याचा काळ सांगण्याच्या फंदात न पडणे बरे. सायमन आणि लेव्ही ह्या दोघांचा अनुभव बोलका आहे. त्याहून निकडीचे काम निराळे आहे. केंपेलेन आपल्या पेटीची दारे एकामागून एक उघडी. सगळी एकाच वेळी कधीही उघडीत नसे, आणि दरबारातील विद्वानांनीही तसा आग्रह धरला नाही. आजच्या यंत्राची दारेही आपल्यापुढे एकेक करूनच उघडली जात आहेत : आज त्याची चतुराई, उद्या त्याची स्वस्ताई. आतील साध्य कोणी ठरविले, लाभ कोणाचा आणि चूक झाल्यास जबाबदारी कोणाची, ही दारे बंदच राहतात. ती सर्व एकाच वेळी उघडा, असे म्हणण्यास यंत्राहून अधिक बुद्धी लागत नाही. त्यास नागरिकाचा विवेक आणि थोडे धैर्य पुरे आहे.